ठिणगी सुटली कशी?

टाचणीच्या हातात दोरी होती, दोरीला हार्नेस होता आणि हार्नेसमध्ये कुत्रं नव्हतं.

हे तिच्या लक्षात यायला एक क्षण लागला. तेवढ्यात ठिणगीनं अर्धं अंगण ओलांडलंसुद्धा. तपकिरी अंगाची, एक कान उभा आणि एक पडका अशी ती कुत्री सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंच्या पांढऱ्या कुत्र्याच्या पिलाकडे भुंकत सुटली होती. बाईंनी पिलू छातीशी धरलं आणि त्या मागे सरकल्या. मागे कुंडी होती. कुंडी आडवी झाली आणि कुंडीवर बाई बसल्या. ठिणगी चार हातांवर थांबली आणि तिथूनच जीव तोडून भुंकत राहिली. ती चावली नाही. ती आजवर कुणालाच चावली नव्हती, पण हे सांगायची ही वेळ नव्हती.

"ठिणगे, घरी ये." वरच्या गॅलरीतून ड्रायव्हरकाकांचा आवाज आला. तो ऐकताच ठिणगीचं भुंकणं बंद झालं, शेपटी खाली गेली आणि ती गुपचूप जिना चढली.

बाईंनी साडीवरची माती झटकली. "तिसरी वेळ," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "या महिन्यात ही कुत्री तिसऱ्यांदा सुटली. रविवारी कमिटीची बैठक आहे. शनिवारी सकाळी तिला माझ्या डोळ्यांदेखत फाटकापासून बागेपर्यंत चालवून दाखवा. नीट चालली तर राहील. सुटली तर त्याच दिवशी तिला या इमारतीतून हलवायचं. मग कुठे, ते ड्रायव्हरसाहेबांनी ठरवावं."

"पण बाई," टाचणीची आत्या पुढे झाली, "तीन दिवसांत…"

"तीन दिवस पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या आणि पिलाला घेऊन निघून गेल्या.

टाचणीनं वर पाहिलं. गॅलरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून ड्रायव्हरकाका उभे होते. जन्मभर त्यांनी बस चालवली होती आणि आता गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना स्वतःला धड चालता येत नव्हतं. घरात माणूस म्हणून ते एकटेच. त्यांच्या सोबतीला होती ती ठिणगी. ते वळले आणि आत गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं टाचणीला वाटलं.

टाचणी आणि तिचा धाकटा भाऊ पुरवणी दरवर्षी सुट्टीत आत्याकडे येत. आत्याचं घर त्याच आवारात, तळमजल्यावर. ती कुत्र्यांची मास्तरीण होती. कुठलीही कुत्री नव्हेत, तर बिथरणारी. कुणी सायकल दिसली की बिथरे, कुणी छत्री उघडली की, आणि ठिणगीसारखी काही दुसरं कुत्रं दिसलं की. असली कुत्री वाईट नसतात, घाबरलेली असतात, आणि घाबरलेला प्राणी आवाज मोठा करतो, असं आत्या सांगे. "माणसंही तसलीच," असं पुरवणीनं त्याला जोडलं होतं. कुणाचंही वाक्य संपलं की 'शिवाय' म्हणून शेपूट जोडायचं हा त्याचा धंदा. म्हणून तो पुरवणी. आणि टाचणी म्हणजे अंगानं बारीक, पण प्रश्न असा विचारायची की समोरचा टुणकन उठून बसे.

आज मात्र तिला प्रश्न विचारायचं धाडस होत नव्हतं. आत्याच्या पुढच्या खोलीत ती रिकामा हार्नेस मांडीवर घेऊन बसली होती. भिंतीवर ओळीनं अकरा खुंट्या आणि प्रत्येक खुंटीखाली एकेका कुत्र्याचं नाव. काही खुंट्यांवर हार्नेस टांगलेले होते, काही रिकाम्या होत्या.

"तू दोरी ओढलीस," आत्या म्हणाली.

"ओढली."

"का?"

"ती मागे जायला लागली म्हणून."

आत्या तिच्या शेजारी बसली. "अगं, घाबरलेलं कुत्रं आधी पुढे धावत नाही. आधी मागे सरकतं, मान खाली घालतं, खांदे आवळतं. तेव्हा आपण पुढून ओढलं की काय होतं? लहान मुलाचा स्वेटर आपण कसा डोक्यावरून ओढून काढतो, तसा आपणच त्याचा हार्नेस काढून देतो."

"मग करायचं काय?"

"दोरी ढिली सोडायची आणि त्याच्याबरोबर चालायचं. समोरून नाही, बाजूनं. त्याला जायचंय तिकडे आपणही जायचं. सांगायला सोपं आहे, पण हात ऐकत नाही."

टाचणीनं मान खाली घातली. तेव्हा दारातून आवाज आला, "पण आई, हार्नेस घट्ट असला तर ओढूनही निघायला नको ना?"

हा भिंग, आत्याचा मुलगा. टाचणीहून वर्षानं मोठा. जाड चष्मा आणि खिशात वही. तो जे बघे ते लिही, आणि लिहिलेलं विसरत नसे.

आत्यानं टाचणीच्या मांडीवरचा हार्नेस उचलून बघितला. मग म्हणाली, "नको. सहजासहजी तर नकोच. कुत्री वाळली असेल. काळजीनं खात नसेल. मागच्या दोन्ही वेळांसारखं आत्ताही नव्यानं माप घेऊन नवी खूण करते."

आणि तिनं तसं केलं. ड्रायव्हरकाकांच्या दारात बसून, खाऊ चारत चारत तिनं ठिणगीच्या छातीखालचा पट्टा आवळला, पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सपाट सरकतील इतकाच. मग सरकत्या कडीच्या कडेला पट्ट्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. आत्याच्या अकराही हार्नेसना असे ठिपके होते. बिथरणाऱ्या कुत्र्याच्या अंगाखाली रोज रोज बोटं घातली तर ते आणखी बिथरतं. म्हणून एकदाच नीट मापायचं आणि खूण करायची. मग रोज नुसती नजर टाकायची. कडी खुणेवर आहे, निघा. ही आत्याची स्वतःची पद्धत, आणि तिचा तिला केवढा अभिमान.

त्या दुपारी तिघांची सभा भरली ती पाण्याच्या टाकीमागे.

"पहिली गोष्ट," भिंगनं वही उघडली. "ठिणगी वाळलेली नाही. आत्ताच काकांकडे वजनकाट्यावर उभी केली. गेल्या महिन्यात चौदा किलो, आज चौदा किलो."

"म्हणजे कुत्री तेवढीच आणि पट्टा सैल," टाचणी म्हणाली. "आणि आत्याच्या खुणेवर. मी निघताना बघितलं होतं. कडी ठिपक्यालाच चिकटलेली होती."

"शिवाय," पुरवणी म्हणाला, "आज तिला साबणाचा वास येत होता."

"त्याचं काय?"

"मागच्या वेळी सुटली तेव्हाही येत होता. मी तिला मिठी मारली होती ना, म्हणून माहीत आहे. मला शिंका आल्या."

भिंगनं वहीची पानं उलटली. मग त्यानं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "तीनही वेळा बुधवार," तो सावकाश म्हणाला. "आणि ठिणगीची आंघोळ दर मंगळवारी."

कुत्र्यांना आंघोळ घालायला एक काका येत. खरं नाव कुणी घेत नसे, मुलं त्यांना फेसकाका म्हणत. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा टब, त्यांच्या बाटल्या आणि त्यांचं गाणं. सोळा वर्षांपासून ते आत्याकडे होते. हसरा माणूस, पण सदा घाईत. एका हातानं कुत्रं पुसता पुसता दुसऱ्यानं पुढच्या कुत्र्याचं पाणी काढायचे.

"तुम्ही काय फेसकाकांवर संशय घेताय?" आत्या ताडकन म्हणाली, जेव्हा टाचणीनं धीर करून विषय काढला. "सोळा वर्षांत त्या माणसानं एक टॉवेल इकडचा तिकडे केला नाही. आणि खूण मी स्वतःच्या हातानं करते. कडी खुणेवर असली म्हणजे झालं. तुम्ही मुलं ना, सुतावरून स्वर्ग गाठता."

आता गप्प बसावं की नाही? टाचणी रात्रभर त्याचाच विचार करत राहिली. चूक आपली असेल तर दुसऱ्याकडे बोट दाखवणं वाईट. पण चूक फक्त आपलीच नसेल, आणि आपण लाजून गप्प बसलो, तर शनिवारी ठिणगी पुन्हा सुटेल. मग काकांच्या दारात पाण्याचं भांडं राहील आणि पाणी पिणारं कुणी नसेल. सकाळी उठल्यावर तिनं ठरवून टाकलं.

गुरुवारी फेसकाका भोपळ्याला आंघोळ घालायला आले. भोपळ्या म्हणजे एक म्हातारा, गोलमटोल, घरातच झोपणारा कुत्रा, टक्क असा आवाज झाला की थरथरणारा. तिघंही शेडच्या मागच्या झरोक्याला डोळे लावून बसले. पुरवणी मधे, कारण तो ठेंगणा. त्याला विटेवर उभं केलं होतं.

"हं, भोपळूशेठ, या," आतून फेसकाकांचा आवाज आला. त्यांनी हार्नेसचं बक्कल उघडलं नाही. त्याऐवजी कडी सरकवून पट्टा चांगला चार बोटं सैल केला आणि सगळा हार्नेस डोक्यावरून काढला.

"बघितलंस?" भिंग कुजबुजला. "बक्कल उघडताना टक्क होतं. कुत्री दचकतात. म्हणून ते पट्टाच सैल करतात."

टाचणी झरोक्याला आणखी चिकटली. सापडलं म्हणायचं की काय? आंघोळ झाली. भोपळ्या पुसून झाला. फेसकाकांनी हार्नेस परत डोक्यावरून घातला, पट्टा ओढला, वाकून नीट बघितलं आणि कडी बरोब्बर लाल ठिपक्यावर आणून ठेवली.

पुरवणी विटेवरून उतरला. "शिवाय काही नाही," तो हिरमुसून म्हणाला.

भिंगनंही वही मिटली. "खुणेवरच आणतात. आई म्हणते ते खरं आहे."

टाचणी मात्र झरोक्यापाशीच उभी राहिली. "कडी खुणेवर येते," ती म्हणाली. "पण खूण जागेवर असते का?"

भिंगनं वही पुन्हा उघडली.

"ठिपका नेलपॉलिशचा आहे. तो पुसता येतो, दुसरीकडे देता येतो. आपल्याला अशी खूण पाहिजे जी कुणाला दिसणार नाही."

त्या संध्याकाळी ती ड्रायव्हरकाकांकडे गेली, ठिणगीशी खेळण्याच्या मिषानं. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून तिनं काकांना खरं तेच सांगितलं, फक्त फेसकाकांचं नाव घेतलं नाही. काकांनी हार्नेस काढून तिच्या हातात दिला आणि कपाटातून सुईदोऱ्याचा डबा आणून दिला. टाचणीनं लाल ठिपक्याच्या शेजारी, पट्ट्याच्या आतल्या बाजूनं, कडीला अगदी चिकटून निळ्या दोऱ्याचे दोन टाके घातले. वरून बघणाऱ्याला ते दिसले नसते.

"तीच मला उठवते रोज," काका मधेच म्हणाले. "पायावर डोकं ठेवून बसते. उठल्याशिवाय हलत नाही." एवढंच बोलून ते ठिणगीचा पडका कान कुरवाळत राहिले. टाचणीनं दोरा दातांनी तोडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण अंधूक दिसायला लागलं तर टाका चुकेल म्हणून तिनं ते निपटून काढलं.

शुक्रवारी गंमत अशी झाली की आत्यानंच ठिणगीच्या आंघोळीची जादा पाळी लावली. बाईंसमोर कुत्री चकचकीत दिसावी म्हणून. आंघोळीनंतर फेसकाकांनी तिला थेट काकांच्या घरी पोहोचवली, हार्नेस अंगावर घालूनच. मुलं वर धावली तर दार बंद.

"आता कुणी बेल वाजवायची नाही," आत्यानं खालूनच बजावलं. "तिला शांत झोप मिळू दे. सकाळी आठला निघायचं आहे, त्याआधी बघा काय बघायचं ते."

"सातला जाऊ," टाचणी म्हणाली. सात म्हणजे पुष्कळ वेळ. टाके बघायचे, सैल असेल तर आत्याला दाखवायचे, पट्टा आवळायचा.

पण सात वाजायला दहा मिनिटं असतानाच सेक्रेटरीबाई फाटकाशी हजर झाल्या. बरोबर कमिटीचे दोन गृहस्थ आणि काखेत पांढरं पिलू. "मला पुढे कामं आहेत," त्या म्हणाल्या. "आत्ताच सुरू करा. आणि ज्या मुलीच्या हातून सुटली तिच्याच हातून चालवा. तुम्ही स्वतःच्या हातानं चालवून दाखवलंत, तर मास्तरीण म्हणून जमलं, असं लोक म्हणतील."

आत्यानं एकदा टाचणीकडे बघितलं. "जमेल?"

टाचणी अजून केस विंचरत होती. तिनं कंगवा पुरवणीच्या हातात कोंबला. "जमेल."

ठिणगी जिन्यावरून खाली आली. ती खरंच चकचकीत दिसत होती. आत्या वाकली, पट्ट्यावर नजर टाकली. "कडी खुणेवर," ती म्हणाली आणि दोरी टाचणीच्या हातात दिली.

"आत्या, बोटं घालून बघू?"

"आत्ता नको. समोर पिलू आहे. ती आधीच ताठली आहे, अंगाखाली हात घातलास तर इथेच बिथरेल."

"पण आत्या…"

"चालायचं आहे की नाही?" बाईंनी घड्याळ बघितलं.

टाचणी निघाली. फाटकापासून बागेपर्यंतचा रस्ता तो केवढासा, पण आज तो संपेना. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला सायकलदुरुस्तीचं दुकान, पुढे वळणावर पाण्याचा टँकर उभा. ठिणगी चांगली चालत होती. दर चार पावलांनी टाचणीकडे बघत होती आणि दर वेळी टाचणी तिला खाऊचा तुकडा देत होती. मागून आत्या आणि भिंग, त्यामागे बाई आणि कमिटी. पुरवणी सगळ्यांच्या मधून, कंगवा हातात घेऊन.

सायकलच्या दुकानापाशी ठिणगीनं खाली पडलेला एक नट हुंगण्यासाठी पुढचा पाय उचलला. पट्ट्याची आतली बाजू वर आली आणि टाचणीला निळे टाके दिसले.

ते कडीला चिकटलेले नव्हते. कडी तिथून चांगली चार बोटं लांब होती. आणि कडीच्या शेजारी लाल ठिपका ऐटीत बसला होता.

टाचणी थांबली नाही, कारण ती थांबली की ठिणगीला कळलं असतं. "आत्या," ती पुढे बघतच हळू आवाजात म्हणाली, "पट्टा सैल आहे."

"काय?"

"सैल आहे. ठिपका हलवलाय कुणीतरी. मी खाली टाके घातले होते."

आत्याच्या तोंडून शब्द निघण्याआधी वळणावरचा टँकर सुरू झाला. पीं पीं पीं करत तो मागे यायला लागला. बाईंच्या काखेतलं पिलू दचकलं, केकाटलं आणि हातातून निसटून खाली उतरलं. त्याची दोरी बाईंच्या मनगटाला होती, पण ते रस्त्याच्या मधोमध उभं राहून भुंकायला लागलं.

मागे पिलू आणि पुढे टँकर. ठिणगी जागच्या जागी गरकन वळली, ताठली, मान खाली घातली आणि मागे सरकायला लागली, टँकरच्या दिशेनं.

हार्नेस तिच्या खांद्यांवरून पुढे घसरला. उभा कान पट्ट्याखाली दुमडला.

"ओढ," कमिटीतला एक गृहस्थ ओरडला. "अगं ओढ तिला!"

टाचणीचा हात ओढायला निघालाच होता. हाताला तेवढंच माहीत होतं. दोरी ताठ झाली, पट्टा आणखी बोटभर पुढे आला, आणि मग तिनं दात आवळून आपल्याच हाताला खाली आणलं. दोरी ढिली पडली. मुठीत ती होती, पण तिला ताण नव्हता. टाचणी पुढे गेली, समोरून नाही, बाजूनं. ठिणगी एक पाऊल मागे, टाचणी एक पाऊल तिच्याबरोबर. ठिणगी दुसरं पाऊल मागे, टाचणी दुसरं.

"सोडतेय ती कुत्रीला," कुणीतरी म्हणालं.

"गप्प बसा," आत्याचा आवाज आला. एवढ्या हळू आणि एवढ्या कडक आवाजात ती कधी बोलली नव्हती. "भिंग, टँकर थांबव. बाई, पिलू उचला आणि माझ्या मागे उभ्या राहा."

भिंग दोन्ही हात पसरून टँकरच्या ड्रायव्हरला दिसेल असा बाजूला पळाला. पीं पीं थांबली. टाचणीला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती ठिणगीच्या बरगडीशी येऊन पोहोचली होती. आता दोघींची तोंडं एकाच दिशेला होती. तिनं गुडघा टेकला, ठिणगीच्या डोळ्यांत न बघता, आणि मोकळा हात हार्नेसच्या पाठीवरच्या पट्ट्यावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"काही नाही गं," ती म्हणाली. "मी आहे ना. मलाही भीती वाटते."

ठिणगीच्या अंगातली थरथर तिच्या तळहातात येत होती. एक श्वास, दुसरा, तिसरा. मग ठिणगीनं मान वर केली. टाचणीनं हार्नेस अलगद मागे सरकवला, खांद्यांमागे, जिथे तो असायला हवा होता तिथे.

आत्या बाजूनं येऊन बसली. तिनं ठिणगीच्या नाकासमोर मूठभर खाऊ धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं पट्ट्याखाली घातली. दोन गेली. तीन गेली. मग अख्खा तळहात आत गेला. तिनं पट्टा उलटा करून निळे टाके बघितले, लाल ठिपका बघितला, आणि कडी सरकवून टाक्यांपर्यंत आणली. मग पुन्हा दोन बोटं घालून बघितली. दोनच गेली.

"ही कुत्री चुकलेली नाही," ती उभी राहून म्हणाली. "आणि ही मुलगीही. इथे माझी खूण चुकली आहे. ती कुणी हलवली, ते मला बघायचं आहे."

बघायला लांब जावं लागलं नाही. आपण चकचकीत केलेल्या कुत्रीचं कौतुक ऐकायला फेसकाका फाटकाशी येऊन उभे होते. सगळ्यांच्या नजरा वळल्या तसं त्यांचं हसू मावळलं.

"ताई," ते अडखळत म्हणाले, "ठिणगीला या महिन्यापासून गोचिडांचं औषध लावतो ना मी, गवतात लोळते म्हणून. त्यात स्पिरिट असतं. हात तसेच पट्ट्याला लागतात आणि तुमचा ठिपका जातो. पहिल्यांदा गेला तेव्हा म्हटलं, तुम्ही रागावाल. म्हणून लाल मार्करनं दुसरा दिला. जिथे कडी होती तिथे. मला वाटलं, इकडे काय आणि तिकडे काय, ठिपका तर आहे."

"आणि ती सुटली तेव्हा?" टाचणीनं विचारलं. "तीनदा सुटली. तेव्हा नाही सांगावंसं वाटलं?"

तिचे प्रश्न टोचत ते असे. फेसकाकांनी खाली बघितलं. "माझ्या ठिपक्यामुळे सुटली हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं. ती वाळली असं सगळे म्हणत होते. मीही म्हणालो." मग ते वर बघून म्हणाले, "चुकलं माझं. घाईत माझी अक्कल गहाण पडते."

"तुमचं एकट्याचं नाही," आत्या म्हणाली. "कुत्र्याच्या अंगाला हात लावायचा सोडून मी ठिपक्याकडे बघत बसले. आणि या मुलांनी सांगितलं तेव्हा त्यांनाच गप्प केलं."

सेक्रेटरीबाईंनी घसा खाकरला. "हे सगळं ठीक आहे. पण बाग अजून आली नाही."

सगळ्यांचे चेहरे उतरले. टाचणीचा मात्र नाही. तिनं स्वतःची दोन बोटं पट्ट्याखाली घातली, काढली आणि उभी राहिली. "चल गं," ती ठिणगीला म्हणाली.

ती निघाली. टँकरच्या शेजारून. बाईंच्या पिलाच्या पुढून. ठिणगी एकदा गुरगुरली, एकदा मागे सरकली. हार्नेस जागचा हलला नाही. टाचणी तिच्याबरोबर दोन पावलं मागे गेली, परत दोन पावलं पुढे आली, आणि बागेच्या दाराला हात लावून दोघीही परत आल्या.

फाटकाशी ड्रायव्हरकाका उभे होते. ऑपरेशन झाल्यापासून ते पहिल्यांदाच जिना उतरले होते, एकेका पायरीवर थांबत. घामानं त्यांचा सदरा भिजला होता. ठिणगी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून बसली.

"राहू दे तिला," बाई म्हणाल्या. "रविवारी मी तसं मांडते. हवं तर माझी सही आजच घ्या."

काकांनी टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला. "मी आयुष्यभर बस चालवली. रोज गाडी काढण्याआधी ब्रेक पायानं दाबून बघायचो. काल चांगला होता म्हणून आज सोडला, असं एक दिवस केलं नाही. लोक हसायचे मला." ते बाईंकडे वळले. "या पोरीला आमच्या डेपोत घ्यायला पाहिजे होतं."

"शिवाय मला," पुरवणी म्हणाला. "साबणाचा वास मला आला होता."

"तुलाही," काका म्हणाले. "आणि वहीवाल्यालाही."

त्या दुपारी आत्यानं अकराही हार्नेस सतरंजीवर मांडले. फेसकाकांनी त्यांची स्पिरिटची बाटली आणली आणि दोघांनी मिळून सगळे लाल ठिपके पुसून टाकले. आता रोज बोटं घालायची, आणि कुत्र्यांना बोटं सोसायला शिकवायचं, खाऊ देऊन, हळूहळू, कितीही दिवस लागोत, असं आत्यानं जाहीर केलं. त्या शिकवणीचा पहिला वर्ग टाचणीनं घ्यायचा, हेही.

वर्ग सुरू होणार इतक्यात दाराशी सेक्रेटरीबाई आल्या. काखेत पिलू होतं.

"सकाळी हे माझ्या हातातून उतरलं ना," त्या टाचणीला म्हणाल्या, "तेव्हापासून मनात येतंय. याच्या पट्ट्यात किती बोटं जातात, ते जरा बघतेस का?"

टाचणीनं पिलाला आधी खाऊ दिला. मग बाजूनं बसली, बोटं घातली आणि मोजली. "चार," ती म्हणाली.

बाईंनी पिलू घट्ट धरलं. मग त्या सतरंजीवर, आत्याच्या शेजारी, खाली बसल्या आणि टाचणीला म्हणाल्या, "मला शिकव."